महादूची न बुडणारी जीप

जीपला राळ फासणारा माणूस मी आयुष्यात एकच बघितला, तो म्हणजे महादू. विक्रोळीला हायवे ओलांडून मिठागरांच्या कडेकडेने खाडीकडे उतरलं की कोळ्यांची थोडी घरं लागायची, त्यातलं शेवटचं घर त्याचं. आता तुम्ही म्हणाल, लवू गॅरेजवाला फेकतोय. म्हणा. त्या दिवशी मी स्वतः त्या जीपमध्ये मागे बसलो होतो, आणि मला पोहता येत नाही. असला प्रवास माणूस विसरत नाही.

मी मूळचा कुडाळकडचा. आमचा गाव डोंगराच्या बाजूला, ओढ्याला पाणी ते गुडघाभर. मुंबईत गिरणीत फिटर होतो, संपात गिरणी बसली, मग विक्रोळीला पत्र्याची शेड घेऊन गॅरेज टाकलं. माझं डोकं चटकन तापतं. गिऱ्हाईक आलं की माझी बायको नलिनी त्याला आधीच सांगून ठेवते, "ओरडले तर मनावर घेऊ नका हां, काम चांगलं करतात." महादूला हे सांगायची गरजच नव्हती. मी ओरडलो की त्याला मजा यायची. मुद्दाम पाना लपवायचा, माझ्या हत्यारांच्या पेटीत सुके बोंबील ठेवायचा, आणि मी शिव्या द्यायला लागलो की स्टुलावर बसून तंबाखू मळत ऐकायचा. वर म्हणायचा, "लवू, आज आवाज जरा बसलाय रे तुजा."

धंदा त्याचा मासेमारीचा, पण नाव होतं ते होड्यांच्या फटी बुजवण्यात. पावसाळ्यात खाडीकाठच्या होड्या वर ओढल्या की लोक त्याला बोलवायचे. हा बोटाच्या पेराने फळी वाजवायचा, कान लावायचा, आणि नेमकं कुठे गळतंय ते सांगायचा. मग फटीत कापसाची वात ठासायची आणि वरून तेलात उकळलेली राळ ओतायची. त्याने बुजवलेल्या होडीत थेंब यायची हिंमत नव्हती. पण हे काम करून करून त्याची खोपडीच तशी झाली होती. कुठे पाणी पाझरताना दिसलं की ह्याचे हात शिवशिवायला लागायचे. एकदा आमच्याकडे जेवायला आला आणि कोपऱ्यातला माठ बाहेरून ओला दिसला. झालं! जेवण राहिलं बाजूला, माठ रिकामा करून घेऊनच गेला. परत आणला तो बाहेरून काळाभोर, चकचकीत. "वहिनी, आता एक थेंब बाहेर नाय येनार," म्हणाला. नाहीच आला. पाणी मात्र भर उन्हाळ्यात अंघोळीला काढल्यासारखं लागायला लागलं. नलिनीने नंतर कितीतरी दिवस त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, चहासुद्धा ओट्यावर.

त्याची बायको सोनूबाई स्टेशनजवळच्या बाजारात मासळी विकायला बसायची. बाई अशी की घासाघीस करणारं गिऱ्हाईक तिच्यासमोर दुसऱ्यांदा तोंड उघडत नसे. घरची होडी तिच्या बापाने लग्नात दिलेली. दर पुनवेला तिला हळद-कुंकू लावायची, नवऱ्यापेक्षा होडीशी जास्त बोलायची असं सगळा कोळीवाडा म्हणायचा. आणि ह्या गाढवाने ती होडी विकली.

आता त्याचंही खोटं नव्हतं. खाडीत मासा उरला नव्हता. पाणी काळं पडलेलं, जाळं वर ओढलं की नुसता गाळ आणि चिंध्या. होडी काठावर वाळत पडलेली. महादूने काय करावं? सोनूबाई बाजारात असताना उरणचा एक माणूस आणला, होडी त्याच्या ताब्यात दिली, आणि लष्कराच्या लिलावात निघालेली जुनी जीप घेऊन आला. पहाटे धक्क्यावरून मासळी उचलायची, बर्फात घालायची, घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत पोचवायची, असा त्याचा बेत. बेत झकास होता. फक्त बायकोला सांगायचं राहिलं होतं.

सोनूबाई संध्याकाळी टोपली घेऊन आली, तर होडीच्या जागी चार चाकं. ती ओरडली नाही. टोपली खाली ठेवली, जीपला एक चक्कर मारली, आणि घरात गेली. त्या दिवसापासून तिने महादूशी बोलणं टाकलं. बोलायचं असेल ते शेजारच्या मंजुळेमार्फत. महादू समोर ताटावर बसलेला, आणि ही कुडाच्या पलीकडे हाक मारणार, "मंजुळे, सांग त्याला, कालवन गरम हाय." हा इकडून, "मंजुळे, सांग तिला, मीठ कमी परलंय." पहिले काही दिवस मंजुळेला गंमत वाटली. मग वैताग आला. शेवटी शेवटी ती स्वतःची भांडी घासता घासता, कोणी हाक मारायच्या आधीच, दोघांचंही भाषण करून मोकळी व्हायची. "ती म्हनते जेव, तो म्हनतो भूक नाय, ती म्हनते खड्ड्यात जा, झालं?"

महादू हसायचा, पण त्याचं हसू आता आधीसारखं नव्हतं. गॅरेजवर आला की नुसता बसून राहायचा. पाना जिथल्या तिथे. बोंबील नाहीत. मला तर करमेना.

अशात नारळी पुनव जवळ आली. त्यांच्या खाडीत थोडं आत एक उंचवटा आहे, तिवरांच्या झाडीतला, त्यावर त्यांच्या देवीची घुमटी. पुनवेला दुपारच्या भरतीला प्रत्येक घरचा नारळ आपापल्या होडीतून तिथे जातो. दुसऱ्याच्या होडीत बसून न्यायचा नाही. तसं केलं तर ते घर खाडीवरून उठलं असं धरतात. सोनूबाईने मंजुळेला हाक मारली, आणि सगळ्या वाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सांग त्याला, आपल्या घरचा नारळ दुसऱ्याच्या होरीत नाय बसनार. कसा नेतो ते त्यानं बघावं. नाय गेला तर मी दुसऱ्या दिवशी तुलशीदासकडे, ट्रॉम्ब्याला. परत येनार नाय." तुळशीदास तिचा भाऊ. बाई नुसतं बोलली नाही, लुगड्यांचं बोचकं बांधून दारात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी महादू गॅरेजवर हजर. "लवू, गारी पान्यातनं न्यायची हाय."

"किती पाणी?"

त्याने हात छातीच्या जरा खाली लावला.

"आवशीचो घो!" मी पाना टाकला. "महादू, डोकं ठिकाणावर आहे ना? तिकडे चिखलात म्हैस रुतते!"

पण चिखल नव्हता. उंचवट्यापर्यंत मिठागरवाल्यांनी कधीकाळी घातलेली दगडी वाट होती. ओहोटीला उघडी पडायची, भरतीला बुडायची, आणि नारळ तर भरतीलाच जायला हवा. रुंदी जीपपेक्षा थोडीच जास्त, आणि दोन्ही बाजूंना माणूस कमरेपर्यंत खाली जाईल असा गाळ. "वाट माज्या पायांना ठावूक हाय," महादू म्हणाला. "तू फक्त इंजन बंद परनार नाय एवरं बघ." आणि मग हळूच, माझ्याकडे न बघता, "सोनू जाईल रे खरंच." मी पाना उचलला.

इंजिनाला पाण्याचं वावडं नसतं. त्याच्या नाकातोंडात पाणी जाऊ नये, एवढंच. हवा ओढायच्या जागेवरून मी एक मोठा पाइप काढला आणि पुढच्या काचेच्याही वरून मागच्या सीटपर्यंत नेला. सायलेन्सरला वाकडी नळी जोडून ती मागून वर काढली. प्लगांना करंट वाटून देणारा डबा असतो, त्याला ग्रीस थापलं, सायकलची ट्यूब कापून गुंडाळली, वरून प्लास्टिकची पिशवी. पंख्याचा पट्टा पाण्यात उतरताना काढायचा, नाहीतर पंखा पाणी मारून सगळं इंजिन भिजवतो. एक्सलला श्वास घ्यायची बारीक भोकं असतात, त्यांना रबरी नळ्या लावून त्या वर बांधल्या. पुढे जाळीवर ताडपत्री. महादू हे सगळं मन लावून करत होता, कारण ह्यात बुजवायचं काम भरपूर होतं. ट्यूब गुंडाळताना तर गडी गाणं म्हणत होता.

मग मी त्याला मुद्द्याची गोष्ट सांगितली. "हे बघ, तळाच्या पत्र्याला पाणी जायची भोकं आहेत. ती उघडी ठेवायची. आत पाणी येऊ द्यायचं. आपण भिजू, पण गाडी जड राहील, चाकं जमिनीला टेकून राहतील."

महादूने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याच्या आईला शिवी दिली. "येऊ दे म्हनतंस? पानी? आत?"

"हो. आत."

"मुद्दाम?"

"हो रे बाबा, मुद्दाम! ही गाडी आहे, होडी नाही!"

त्याने उकिडवं बसून तळाच्या भोकांत एकेक करून बोट घालून बघितलं. मग गोड हसून म्हणाला, "बरं." महादू आणि बरं! इतक्या वर्षांत त्याने माझं एक ऐकलं नव्हतं. पण मी दमलो होतो, हात ग्रीसने माखले होते, म्हटलं ऐकलं एकदाचं.

पुनवेला सकाळी पंख्याचा पट्टा काढायला म्हणून मी वाड्यावर गेलो, तर जीप खालून काळीभोर, चकचकीत. राळेचा वास हायवेपर्यंत. पत्र्याच्या सगळ्या सांध्यांत कापसाची वात, दारांच्या मोकळ्या जागी दोन्ही बाजूंना फळ्या ठोकून त्यांच्याही फटी बुजवलेल्या, आणि तळाच्या भोकांना फडकं गुंडाळलेली लाकडी बुचं. आजूबाजूला चार म्हातारे कोळी उभे राहून माना डोलवत होते. "काय काम केलंय," एक म्हणाला. मी जे ओरडलो ते इथे सांगता येणार नाही. वाड्यातली कोंबडी छपरावर गेली. महादू फळीवर पेर वाजवून म्हणाला, "वाजवून तरी बघ. माझगावच्या गोदीत असं काम होनार नाय."

उपटून काढायला वेळ नव्हता, भरती चढत होती. बाकीच्या होड्या सजून पाण्यात उतरल्या होत्या, गाणी चालू झाली होती. सोनूबाई घरातून बाहेर आली. हिरवं लुगडं, केसांत अबोलीची वेणी, हातात सोनेरी कागद लावलेला नारळ. तिने महादूकडे बघितलं नाही. फळी ओलांडून पुढे बसली आणि म्हणाली, "मंजुळे, सांग त्याला, चल म्हनावं." काठावरची मंजुळा म्हणाली, "चल म्हनते." मी आता घरी जाणार, तेवढ्यात लक्षात आलं की हवेचा पाइप नुसता तारेने बांधलाय, कोणीतरी तो धरून बसायला हवा. दुसरा कोण बसणार? गावच्या वेतोबाचं नाव घेतलं आणि मागे चढलो.

सुरुवात चांगली झाली, खोटं कशाला बोलू. पहिल्या गिअरमध्ये हळूहळू उतरलो. मी मागून ओरडत होतो, "रेस सोडू नको! गिअर बदलू नको! एकसारखी ठेव!" पाणी चाकांवर आलं, दिव्यांवर आलं. इंजिन मस्त घुमत होतं, मागची नळी वर धूर सोडत होती. होड्यांतले लोक गाणं थांबवून बघायला लागले. महादूची छाती फुगली. मान वळवून मला म्हणाला, "बघ खाली. थेंब तरी हाय?"

मी बघितलं. नव्हता. बाहेर पाणी फळीच्या वरच्या काठाला लागायला आलेलं, आणि आत माझ्या चपला कोरड्या ठणठणीत. आणि मग माझ्या बुडाखालची सीट अलगद वर आली.

मागची चाकं सुटली होती. इंजिनाचा आवाज एकदम चढला, चाकं पाण्यात नुसती गरगरायला लागली. नाक जड म्हणून पुढची चाकं कशीबशी दगडावर टेकलेली, आणि शेपूट भरतीबरोबर वाटेच्या बाहेर, गाळाकडे वळायला लागलं. मी "वाट लागली, वाट लागली" म्हणून बोंबललो. आणि महादू? त्याने स्टिअरिंग सोडलं! बाजूला ठेवलेला बांबू उचलला, सीटवर उभा राहिला आणि नाचायचाच बाकी राहिला. "तरली! सोनू, तरली! होरी झाली गं!" इतके महिने मेल्यासारखा बसणारा माणूस, त्याचं तोंड बघायला हवं होतं.

जवळच्या होडीतून कोणीतरी दोर फेकला. "धर रे महादू, ओढतो!" दोर येऊन फळीवर पडला. महादूने तो पायाने उडवून दिला. दोर धरला असता तर नारळ दुसऱ्याच्या होडीने गेला असता, हे मलाही कळत होतं. पण शेपूट वळतच चाललेलं. मी पाइप एका हाताने धरून खाली वाकलो, बुचावर हात टाकला. माझ्या मनगटावर बांबू बसला.

"हात लावशील तर आधी तुला खाली टाकीन!" महादू म्हणाला. हसत नव्हता. "माज्या हातानं बुजवलेल्यात मी पानी घेनार? कोळी हाय मी!"

"अरे मेल्या, गाळात गेलो तर तिघं मरू!"

"पानी आत घेनार नाय."

मला पोहता येत नाही हे मी त्याला तेव्हा पुन्हा सांगितलं. रवळनाथाला, वेतोबाला, गावच्या सगळ्या देवांना काय काय कबूल केलं ते अजून फेडतोय. जीप आणखी एक वीतभर सरकली.

तेव्हा सोनूबाई वळली. मंजुळा तिकडे काठावर, दूर. सोनूबाईने सरळ नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं.

"ए महादू! ही होरी नाय! गारी हाय, गारी! होरी तू ईकलीस!"

महादूच्या हातातला बांबू तसाच राहिला. तिने नारळ माझ्या मांडीवर ठेवला, लुगड्याचा कासोटा घट्ट केला, सीट ओलांडून मागे आली, खाली बसली, आणि दोन्ही हातांनी पहिलं बूच उपटलं. मग दुसरं. पाणी कारंज्यासारखं उसळलं. महादूच्या तोंडून एक आवाज निघाला, लहान पोराला लागल्यावर निघतो तसा. तो बघत होता, पण हलला नाही.

"बघतंस काय? चालव!" सोनूबाई कडाडली. "बस खाली, चालव!"

तो बसला. पाणी माझ्या पोटऱ्यांवर, गुडघ्यांवर, मांडीवर. नारळ मी डोक्यावर धरला, दुसऱ्या हातात पाइप. जीप हळूहळू जड झाली, खाली बसायला लागली, आणि एकदम धप्पकन टेकली. मागचं एक चाक दगडावर, एक हवेत की गाळात देव जाणे. "डावीकडे दाब! रेस सोडू नको!" मी घसा फोडून ओरडलो. सोनूबाईही ओरडली, "दाब डावीकडं!" माझं त्याने ऐकलं नसतं, तिचं ऐकलं. टायरने दगड पकडला, जीपने एक हिसका दिला आणि पाणी सांडत सांडत उंचवट्यावर चढली. होड्यांतून असा गलका झाला की तिवरांतले बगळे उडाले.

नारळ दोघांनी मिळून वाहिला. हात जोडले. मी बाजूला बसून शर्ट पिळत होतो. महादू जीपजवळ गेला. तळाच्या भोकांतून अजून पाणी गळत होतं. तो उकिडवा बसला, त्या गळत्या धारेकडे बघत राहिला, आणि रडायला लागला. मोठा बाप्या माणूस, हुंदके देऊन. मला कुठे बघावं कळेना.

सोनूबाई त्याच्यासमोर उभी राहिली. "रडतंस कशाला?"

"पानी घेतला गं आत."

"आनि मी होरीसाठी रडले तेव्हा?"

त्याने वर बघितलं. "रडलीस? कवा?"

"तू जीप पुसत होतास तवा." तिचा आवाज बारीक झाला. बाजारातली सोनूबाई नव्हतीच ती. "खारीत मासा नाय, ह्ये मना दिसत नव्हतं? वाळत पडलेली होरी मी रोज बघत नव्हते? मना इचारलं असतंस ना महादू, तर मीच बोलली असती, ईक म्हनून."

पदराने तिने डोळे पुसले, आणि एका दगडावर जाऊन बसली. आमच्या चारी बाजूंना पाणी, आलो ती वाट पूर्ण बुडालेली. होड्या एकेक करून परत निघाल्या होत्या. महादू उठला, जीपच्या भोवती एकदा फिरला, चावीला हात लावला, आणि काढला. मग तिच्या समोर जाऊन उभा राहिला.

"सोनू," तो म्हणाला, "आता निघायचं, का ओहोटीला थांबायचं?"

सोनूबाईने पाण्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं, आणि जरा सरकून दगडावर जागा केली.

"थांबायचं," ती म्हणाली. तो बसला.